स्नोज बार्बेक्यू, लेक्सिंग्टन: बीफ न खाणाऱ्याने टेक्सासात रांग कुठे लावावी

आधीच सांगून टाकतो, मी बीफ खात नाही. घरची सवय म्हणा, श्रद्धा म्हणा, आईला दिलेला शब्द म्हणा, जे सोयीचं वाटेल ते धरा. आणि राहतो कुठे, तर टेक्सासात. इथे बार्बेक्यू म्हणजे ब्रिस्केट, आणि ब्रिस्केट म्हणजे गुराच्या छातीचं मांस. इथल्या बार्बेक्यूची परीक्षणं वाचायला घ्या. पहिले चार परिच्छेद ब्रिस्केटवर, पाचवा हातभर लांबीच्या बीफ रिबवर, आणि शेवटी उपकार केल्यासारखी एक ओळ: टर्कीही मिळते. माझ्यासारख्याने त्या ओळीवर शंभर मैल गाडी हाकायची का, हे कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहितोय.

माझं मत असं की पिट, म्हणजे मांस भाजायची भट्टी, किती कसलेला आहे हे ब्रिस्केटवरून कळतच नाही. ब्रिस्केटवर सगळ्यांचाच जीव असतो. रात्रभर त्याच्याजवळ कोणीतरी जागत असतं, त्याच्यावरच दुकानाचं नाव ठरतं. खरी परीक्षा बाकीच्या पदार्थांची, ज्यांच्याकडे कोणाचं लक्ष नसतं त्यांची. या परीक्षेत मी खाल्लेल्यांपैकी पहिला नंबर लेक्सिंग्टनच्या स्नोजचा. का, ते जरा सविस्तर सांगतो.

लेक्सिंग्टन हे ली काउंटीतलं हजार-बाराशे वस्तीचं गाव, ऑस्टिनपासून ईशान्येला तासाभरावर. आम्ही राउंड रॉककडून निघतो. टेलर ओलांडलं की एफएम 112 हा दुपदरी रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना कुरणं, तारेची कुंपणं, अंधारात मधूनच चमकणारे हरणांचे डोळे. त्यामुळे पहाटे वेग आवरा. स्नोज आठवड्यातून एकच दिवस उघडं असतं, शनिवारी. सकाळी आठला सुरू, माल संपला की बंद. शनिवारच का, तर गावात गुरांचा लिलाव शनिवारी भरतो. त्या दिवशी आसपासचे शेतकरी-गुराखी ट्रेलर घेऊन येतात, त्यांना खायला लागतं. सकाळी आठला कोण मांस खातं, असं विचारणाऱ्याने पहाटे तीनला उठून जनावरं ट्रेलरमध्ये चढवून बघावीत.

दुकान 2003 साली सुरू झालं. मालक केरी बेक्सली, कधीकाळी रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या घोडे-बैलांच्या खेळात, विदूषकाचं काम केलेला माणूस. दुकानाला त्याचंच टोपणनाव आहे. त्याचा जन्म व्हायचा होता तेव्हा मोठ्या भावाला कोणीतरी विचारलं, तुला भाऊ हवा की बहीण? तो म्हणाला, मला स्नोमॅन हवा. तेव्हापासून हा 'स्नो'. 2008 साली 'टेक्सास मंथली' मासिकाने राज्यातली सर्वोत्तम बार्बेक्यू दुकानं निवडली आणि पहिल्या जागेवर हे आठवड्यातून एकदाच उघडणारं, पंचक्रोशीबाहेर फारसं कोणाला ठाऊक नसलेलं दुकान ठेवलं. 2017 च्या यादीत पुन्हा तेच पहिलं. रांग तेव्हापासूनची.

आणि मग टूट्सी टोमानेट्झ, इथला पिट सांभाळणाऱ्या. 1935 सालचा जन्म. 1966 पासून मांस भाजतायत, सुरुवात शेजारच्या गिडिंग्ज गावातल्या मटण मार्केटात. स्नोज नावारूपाला आलं तरी आठवड्याचे बाकीचे दिवस त्या गिडिंग्जच्या शाळांत देखभालीचं काम करत राहिल्या, आणि शनिवारी मध्यरात्री दोनच्या सुमारास पिटवर हजर. 2018 साली त्यांचं नाव बार्बेक्यू हॉल ऑफ फेममध्ये लागलं. मी त्यांना पाहिलं तेव्हा हातात लांब दांड्याचं फावडं होतं, फावड्यात लालबुंद निखारे. लोक फोटोसाठी घुटमळत होते. बाई हसून उभ्या राहायच्या, फोटो झाला की लगेच वळून पिटचं झाकण उचलायच्या. कौतुक आणि काम यांपैकी कशाला किती वेळ द्यायचा, याचा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का असावा.

रांगेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण रांगेचं कौतुक करणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. साडेपाच-सहाला पोचा. घडीची खुर्ची आणा. थंडीत जाकीट आणा, कारण पहाटेचा वारा कुरणांवरून थेट अंगावर येतो. पिट उघड्यावर, पत्र्याच्या छपराखाली आहेत, त्यामुळे वारा फिरला की धूर रांगेत येतो. दुकान उघडेपर्यंत तुमचे केस, जाकीट आणि गाडीची किल्ली या सगळ्यांना ओकच्या लाकडाचा वास लागलेला असतो. माझा मेहुणा सोबत होता. तो सगळं खातो. रांगेत उभ्या उभ्या मला म्हणाला, "दाजी, तुम्ही बीफ खात नाही ते बरंच आहे. एक माणूस कमी म्हणजे माझ्या वाट्याला जास्त."

आता मुद्द्याचं, पोर्क स्टेक.

टेक्सासच्या बाकीच्या भागात पोर्क म्हणजे रिब्ज, नाहीतर खांद्याचं मांस शिजवून त्याचे दोऱ्यांसारखे धागे काढतात ते पुल्ड पोर्क. स्नोजमध्ये डुकराच्या खांद्याचे आडवे जाड काप करतात, हाडासकट, आणि ते थेट निखाऱ्यांवर भाजतात. ब्रिस्केट बहुतेक ठिकाणी ज्या पद्धतीने होतं त्यापेक्षा हा प्रकार वेगळा आहे. ब्रिस्केटच्या पिटमध्ये जाळ एका टोकाच्या पेटीत असतो आणि मांस दूर, लांबलचक टाकीत. मांसाला आच लागत नाही, नुसता गरम धूर वरून वाहत जातो. इथे तसं नाही. बाजूला ओंडके पेटवून त्यांचे निखारे करायचे, फावड्याने ते पिटच्या तळाशी पसरायचे, आणि वर जाळीवर मांस. चरबी वितळली की थेंब निखाऱ्यावर पडतो, चर्र होतं, आणि त्या जळलेल्या चरबीचा धूर पुन्हा त्याच मांसाला लागतो. लाकडाच्या धुराला असते तशी गोडसर, औषधी छटा या वासाला नसते. हा वास जास्त रांगडा असतो, आणि पोट रिकामं असताना सहन होत नाही.

धोका उघड आहे. निखारा जास्त पडला तर मांस करपतं, कमी पडला तर आत कच्चं राहतं, आणि थेंब जास्त पडले तर भडका उडतो. तापमान बघायला काचेची खिडकी नाही की बटण फिरवायची सोय नाही. आच वाढवायची तर एक फावडं जास्त, कमी करायची तर वाट बघायची. तासन् तास हे चालतं, आणि मधेमधे मांसावर पातळ रस्सा शिंपडला जातो. कांदा, लोणी, व्हिनेगर, मोहरी असा ऐवज त्यात असतो. बादलीत बुडवायला चक्क सुती मॉप. मांसाचा पृष्ठभाग ओला राहतो, करपणं लांबतं, आणि प्रत्येक शिंपणीनंतर एक पातळ थर सुकून बसतो. असे कितीतरी थर एकावर एक.

तो काप कागदावर आला तेव्हा वरून जवळजवळ काळपट-तांबूस होता, कडेची चरबी सोनेरी. बोटाने दाबलं तर वरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला, आणि खाली ओलसर, गुलाबी झाक असलेलं मांस. सुरी लागली नाही. खांद्यात स्नायूंचे बरेच गट एकत्र आलेले असतात, मधे चरबी आणि पांढरे पडदे. ते पडदे म्हणजे कोलॅजन. मंद आचेवर तासन् तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं, तोंडात जे चिकटसर, रसदार लागतं ते हेच. स्नोजचा काप धागे सुटेपर्यंत शिजवलेला नसतो, आणि मला नेमकं हेच आवडलं. दाताला थोडं काम राहतं. हाडाजवळचा घास सर्वात चांगला, आणि तो मी मेहुण्याला दिला नाही. चवीला मीठ, मिरपूड, मागून व्हिनेगरचा हलका आंबटपणा. सॉसची बाटली टेबलावर आहे, पण या कापाला तिची गरज नाही.

टेक्सासातल्या इतर दुकानांत पोर्क मागितलं की काउंटरवरचा माणूस जरा खट्टू होतो. इथे पोर्क मागितलं तर समोरचा मान डोलावतो, हा गिऱ्हाईक जाणता आहे अशा अर्थाने. माझ्यासारख्या माणसाला दुय्यम नागरिक असल्याची भावना न येणारं हे बहुधा एकमेव मोठं दुकान.

अर्धी कोंबडीही तशीच थेट निखाऱ्यांवर. कातडी पातळ, चामट नाही, आणि हा मोठा विजय आहे, कारण धुरावर शिजवलेल्या कोंबडीची कातडी नेहमी रबर होते. मंद आचेत कातडीखालची चरबी पुरती वितळत नाही, निखाऱ्याच्या आचेत ती वितळते. एक सूचना करतो: मांडीच्या हाडाजवळ मांस गुलाबी दिसलं तर कच्चं समजून परत करू नका. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याला चिकटतो आणि तो रंग शिजल्यावरही जात नाही. ब्रिस्केटच्या कडेला जी गुलाबी रेघ लोक फोटोत दाखवतात तीही याच कारणाने. रस स्वच्छ आणि मांस हाडापासून सुटतंय ना, ते बघा.

रिब्ज चांगल्या, पण थोर नाहीत. मला जरा खारट लागल्या. टर्की रसदार, मिरपुडीची, आणि टर्कीबद्दल मला पुढे वेगळं बोलायचंय. सॉसेज मी घेतलं नाही. टेक्सासात सॉसेजमध्ये बहुतेक वेळा बीफ असतंच, निदान मिसळलेलं तरी. ज्यांना चालत नाही त्यांनी विचारल्याशिवाय हात लावू नये, मग ते हिरव्या मिरचीचं कितीही सुंदर दिसो.

ब्रिस्केटबद्दल मेहुण्याचा निकाल सांगतो, म्हणजे माझ्यावर पक्षपाताचा आरोप नको. त्याने लठ्ठ बाजू घेतली होती, चरबीची. म्हणाला, "छान आहे. ऑस्टिनला खाल्लं त्याच्या तोडीचं. पण दाजी, तुमच्यातला तो एक तुकडा द्या ना अजून." यापुढे मी काही बोलत नाही.

सोबत बटाट्याचं सॅलड, कोलस्लॉ, लोणच्याच्या काकड्या, कापलेला कच्चा कांदा, पांढरा ब्रेड, आणि मोठ्या भांड्यात फुकट बीन्स. बायको शाकाहारी आहे. तिच्यासाठी इथे काय आहे, याचं प्रामाणिक उत्तर काही नाही. बीन्समध्येही टेक्सासात सर्रास मांसाचे तुकडे किंवा बेकन टाकतात, म्हणून विचारल्याशिवाय वाढून घेऊ नका. शाकाहारी माणसाला केवळ सोबत म्हणून पहाटे चारला उठवू नये. मी उठवलं होतं. त्यावर घरात अजून बोललं जातं.

आता तुलना, कारण तुलनेशिवाय पहिल्या नंबराला अर्थ नाही.

ऑस्टिनच्या दक्षिणेला तीसेक मैलांवर लॉकहार्ट आहे. टेक्सासच्या विधानसभेने 1999 साली ठराव करून त्याला राज्याची बार्बेक्यू राजधानी म्हटलं. त्याच वर्षी तिथे एक घरगुती भांडण चव्हाट्यावर आलं होतं. क्राइट्स मार्केट हे तिथलं बार्बेक्यूचं दुकान 1900 सालचं. 1948 साली ते एडगर 'स्मिटी' श्मिट यांनी विकत घेतलं, पुढे धंदा मुलांकडे गेला आणि इमारत मुलीच्या नावावर राहिली. भाडेकरारावरून बहीणभावात बिनसलं. भावाने रस्त्यावर पुढे जाऊन धान्याच्या कोठारासारखं भलंमोठं नवं दुकान बांधलं आणि जुन्या पिटमधले धगधगते निखारे पत्र्याच्या टबात घालून, भर रस्त्यातून ओढत नव्या पिटपर्यंत नेले. नाव त्याच्याकडे गेलं, वास्तू बहिणीकडे राहिली, आणि जुन्या जागी स्मिटीज मार्केट उघडलं. इस्टेटीचे वाद आपल्याला नवे नाहीत. पण वाटणीत विस्तव नेल्याचं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

स्मिटीजमध्ये मागच्या दाराने शिरा. आत शिरल्याबरोबर पायाशी, जमिनीवरच, उघडा जाळ पेटलेला असतो. मधे कठडा वगैरे काही नाही. लहान मूल बरोबर असेल तर हात सोडू नका. विटांचे पिट, भिंती धुराने इतक्या काळ्या की मूळ रंग कोणता होता ते कळत नाही. जुन्या जेवणाच्या बाकांवर पूर्वी सुऱ्या साखळीने बांधलेल्या असायच्या. जागेचे गुण द्यायचे तर स्नोजपेक्षा स्मिटीज सरस. पण पदार्थांत मी क्राइट्सला वर ठेवतो, आणि ते पोर्क चॉपसाठी. जाडजूड, हाडासकट, बाहेरून मिरपूड, आतून रस. गुलाबी कसाईकागदावर ठेवून वजनाने देतात, सोबत ब्रेड किंवा खारी बिस्किटं. वर्षानुवर्षं तिथे काटा आणि सॉस दोन्ही मिळत नसे. कोणाला हा माज वाटतो. मला ते बरं वाटतं, खाणाऱ्याचं लक्ष मांसावर राहतं. या सगळ्याच्या मागे जर्मन आणि चेक स्थलांतरितांची मटण मार्केटं आहेत. न विकलेलं मांस टिकवायला ते धुरावर भाजायचे, शेतमजूर ते कागदात घेऊन तिथेच खायचे. ली काउंटीत तर जर्मनीतून आलेले वेंड लोक, म्हणजे तिथला एक स्लाव्ह समाज, 1854 साली जहाजाने येऊन सर्बिन गावात वसलेले. स्नोजहून परतताना वेळ असेल तर तिथलं चर्च बघून या, आतून निळं रंगवलंय.

पण क्राइट्सचा चॉप हा एक तुकडा आहे, एका आचेचा. स्नोजच्या कापात थर आहेत. पहिला नंबर त्यामुळे.

ऑस्टिन शहराबद्दल मी जरा कडू बोलणार आहे. नाव घेत नाही, पण तिथल्या एका नावाजलेल्या दुकानात मी भर उन्हात उभा राहून टर्की घेतली. ताटलीत जे आलं ते कापडाची घडी होती. कोरडं, धाग्याधाग्याचं. काउंटरवरच्या पोराला सांगितलं तर म्हणाला, टर्की ना, ती अशीच असते. अशी नसते! टर्कीच्या छातीत चरबी जवळजवळ नाही, कोलॅजनही नाही, म्हणून वेळ चुकली की वाचवायला काही शिल्लक राहत नाही. ती आतून 74 अंश सेल्सियसला पोचली की खायला सुरक्षित झाली, त्यापुढे प्रत्येक अंशाला पाणी सुटत जातं. ब्रिस्केट आतून 95 अंशांच्या आसपास नेतात तेव्हा कुठे ते मऊ पडतं. एकाच पिटमध्ये दोन्ही ठेवून टर्कीकडे कोणी बघितलंच नाही, तर टर्की मेली. म्हणून जाणती दुकानं ती धुरावर रंग येईपर्यंत ठेवतात, मग लोणी घालून फॉइलमध्ये गुंडाळतात आणि वेळेत काढतात. नव्या गावात नव्या दुकानात गेलात आणि बीफ खात नसाल, तर आधी थोडीशी टर्की घ्या. ती ओलसर असेल तर पिटवाला जागा होता. मग बाकीचं मागवा. कोरडी असेल तर पैसे वाचवा. ऑस्टिनमध्ये ब्रिस्केट पौंडाला तीस डॉलरच्या पुढे गेलंय, आणि पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. टर्कीही काही स्वस्त नाही.

पोर्कच्या बाबतीत टेक्सासला खरा वरचढ प्रदेश नॉर्थ कॅरोलायना, हेही कबूल करतो. तिथेही एक लेक्सिंग्टन आहे. त्या गावातलं लेक्सिंग्टन बार्बेक्यू 1962 पासूनचं. खांद्याचं मांस हिकरीच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर, वर व्हिनेगर-केचपचं पातळ 'डिप', आणि सोबत त्याच डिपमध्ये कालवलेला लाल कोबी. तिथे ऑर्डर देताना बाहेरचा खरपूस भाग जास्त घाला असं सांगता येतं, आणि ते सांगावंच. व्हिनेगर आणि निखारा ही जोडी स्नोजच्या कापातही आहे, म्हणून मला दोन्ही गावं एकमेकांची चुलत भावंडं वाटतात. चवीचा निवाडा मला जमत नाही. कॅरोलायनातलं सँडविच रोज खाता येईल असं, टेक्सासातला काप सणाचा. पण मी राहतो टेक्सासात, आणि दुसरं लेक्सिंग्टन हजार मैलांहून लांब.

जाणाऱ्यांसाठी शेवटच्या दोन-चार गोष्टी, मला कोणी सांगितल्या नव्हत्या म्हणून. एक म्हणजे काउंटरवरची सुरी आणि लाकडी ठोकळा. त्याच ठोकळ्यावर आधी ब्रिस्केट कापलेलं असतं, त्याची चरबी पसरलेली असते, आणि त्यातच तुमचा तुकडा पडतो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी पाळी आल्याबरोबर, वजन व्हायच्या आधी सांगावं: मी बीफ खात नाही, सुरी पुसून वेगळ्या कागदावर कापाल का? स्नोजमध्ये मी हे विचारलं तेव्हा माणसाने हातमोजेसुद्धा बदलले, एक शब्द न बोलता. सगळीकडे असं होत नाही. मागे रांग असते, लोक तोंड वाकडं करतात. करू द्यावं. ज्यांना इतकंही चालणार नाही, एकाच पिटमध्ये शेजारी बीफ असणंही नको, त्यांच्यासाठी टेक्सासातली ही दुकानं नाहीत, हे स्पष्टच सांगतो.

दुसरं, पोर्क स्टेक लवकर संपतो. रांगेत मागे असाल तर आशा कोंबडीवर ठेवा. तिसरं, किती घ्यायचं: माणशी अर्धा पौंड मांस पुरतं, आणि सगळे माणशी एक पौंड घेतात. उरलेलं फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून, वर चमचाभर पाणी शिंपडून मंद ओव्हनमध्ये गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये नको, पापुद्रा चामडं होतो. आणि परतीची गाडी कोण चालवणार हे निघायच्या आधीच ठरवून ठेवा, कारण सकाळी नऊला एवढं खाल्लेला माणूस एफएम 112 वर चालक म्हणून कामाचा नसतो.

गुण द्यायचेच तर पोर्क स्टेकला दहापैकी दहा, कोंबडीला नऊ, टर्कीला आठ, रिब्जना सात, आणि शाकाहारी सोयीला शून्य. तो शून्य बायकोने द्यायला लावलाय.